राणीच्या दातात दोरा

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही काय करता?" अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावात त्याची उत्तरंही ठरलेली होती. गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, नाहीतर सॉफ्टवेअर, नाहीतर "सध्या मुलं लहान आहेत." मी सांगायचे, "मी राण्यांना मरायला तयार करते." समोरच्या बाईचा साबुदाण्याच्या खिचडीचा चमचा वाटेतच थांबायचा. मग आमचे विनय घाईघाईने पुढे येऊन सांगायचे, "म्हणजे ती नाटकाचे कपडे शिवते हो."

विनयचं म्हणणं खरं होतं, पण अर्धंच. कपडे मी आधीही शिवत होतेच. लग्न होऊन मिशिगनला आले तेव्हा माझ्याकडे मिरजेच्या मावशीच्या ब्लाउजच्या दुकानात आठ वर्षं काढल्याचा अनुभव होता, आणि ट्रॉयमध्ये नीट बाही बसवणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळे आमच्या बेसमेंटमध्ये गावातल्या निम्म्या बायकांची मापं झाली. पण ते मी नोकरी म्हणून कधी धरलं नाही. नोकरी म्हणजे २००२ ते २००८ या काळातली. त्या सहा-सात सीझनमध्ये इंग्लंडच्या दोन राण्यांना मी स्वतःच्या हाताने नटवून वधाच्या चौथऱ्याकडे पाठवलं, आणि त्या नोकरीवर मी जितकं प्रेम केलं तितकं दुसऱ्या कुठल्याही कामावर केलं नाही.

आधी जागा सांगते. उन्हाळा संपत आला की आमच्यापासून तासाभराच्या ड्राइव्हवर एका माळावर सोळाव्या शतकातलं इंग्लंड उभं राहायचं. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबर सुरू होईपर्यंत, फक्त शनिवार-रविवार. लाकडी किल्ला, गवताच्या गंजी, घोड्यावरचे सरदार, आणि टर्कीची भाजलेली तंगडी गदेसारखी धरून हिंडणारी माणसं. सगळे त्याला नुसतं 'फेअर' म्हणत. तिथलं मुख्य आकर्षण होतं आठवा हेन्री राजा आणि त्याच्या सहा बायका. सहांपैकी दोघींशी त्याने लग्न मोडलं, एक बाळंतपणानंतर गेली, एक त्याच्या मागे उरली, आणि दोघींची त्याने डोकी उडवली. त्या दोघी माझ्याकडे होत्या. ॲन बोलिन दुपारी साडेबाराला मरायची, कॅथरिन हॉवर्ड साडेचारला.

दोघींचं मरण सारखं नव्हतं, आणि आमच्या कामात हा फरक फार महत्त्वाचा. ॲनसाठी राजाने मेहरबानी म्हणून फ्रान्सकडचा तलवारबाज मागवला होता. तलवारीला ओंडका लागत नाही, बाई ताठ गुडघ्यावर बसते आणि मागून घाव येतो. म्हणून तिचा झगा असा हवा की गुडघ्यावर बसताना पायात येणार नाही, आणि मान मागून मोकळी दिसली पाहिजे. करडा झगा, आत लाल परकर, केस वर बांधून पांढऱ्या टोपीत. कॅथरिनच्या नशिबी मात्र साधी कुऱ्हाड आली. कुऱ्हाड म्हटली की ओंडका आला, ओंडका म्हटला की ओणवं होणं आलं, म्हणून तिच्या पोशाखाची पाठ सैल आणि गळा पुढून खोल ठेवावा लागे. तिने त्या दिवशी नेमकं काय घातलं होतं याची खात्रीची नोंद आम्हाला सापडली नव्हती. आम्ही काळं मखमल दिलं होतं.

हे सगळं मला शिकवलं डोलोरेसने. ती वॉर्डरोबची, म्हणजे कपडेपटाची मुख्य, साठीची, हातात कायम काळी कॉफी आणि मनगटाला टाचण्यांची उशी. लायब्ररीच्या बोर्डावर 'हाताने शिवणारे हवेत' अशी चिठ्ठी वाचून मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने बोलणं बाजूला ठेवून लिननचा तुकडा पुढे केला आणि म्हणाली, "काज कर." मी मावशीच्या पद्धतीने काज केलं. तिने भिंग लावून पाहिलं, उलटं करून मागची बाजू पाहिली, आणि विचारलं, "तुझं नाव काय?" मी म्हटलं, "शैलजा." तिने दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्या दिवसापासून मी 'शेल'.

डोलोरेसला आणि मला एकच वेड होतं, खरेपणाचं. दिसणाऱ्या जागी मशीनची शिलाई नाही, चेन नाही, वेल्क्रो तर शिवी. प्रेक्षकांपैकी कोणालाही यातलं काही कळत नसे. तरी आम्ही दोघी एखाद्या बाहीवरून अर्धा दिवस वाद घालायचो. ॲनच्या टोपीला लेस असावी की नसावी यावर आमचं आठवडाभर बोलणं बंद होतं. लेस नव्हती. मीच बरोबर होते.

माणसं म्हणाल तर सगळी आठवडाभर दुसरंच काही करणारी. राजा हेन्री म्हणजे गॅरी, गालिचे विकायचा. इतका मऊ स्वभावाचा माणूस मी पाहिला नाही. पोटाला तीन उशा बांधून तो दर शनिवारी बायकोच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही करायचा, आणि प्रयोग संपला की त्याच बायकोसाठी बर्फ घातलेलं लिंबू सरबत घेऊन यायचा. ॲन म्हणजे पॅम, तिसरीच्या मुलांना शिकवायची. एकदा तिच्याच वर्गातली एक मुलगी प्रेक्षकांत निघाली आणि 'मिस पॅम'चं डोकं गेलेलं पाहून तिने असा टाहो फोडला की पुढचं संगीत ऐकूच आलं नाही. पॅम रक्त म्हणून मानेशी सोडलेल्या लाल फितीसकट धावत बाहेर गेली, मुलीपुढे बसली आणि आपली मान तिला चाचपायला लावली. मुलीने दोन्ही बाजूंनी नीट तपासली. मग विचारलं, "सोमवारी शाळेत येणार ना?" तेव्हापासून प्रयोगानंतर मान दाखवायचा कार्यक्रमच सुरू झाला आणि त्याला रांग लागायची.

एक म्हातारे गृहस्थ दर शनिवारी यायचे आणि तलवार चुकीच्या लांबीची आहे म्हणून माझ्याशी भांडायचे. मी त्यांना सांगायचे, तलवार माझं खातं नाही, मी मानेपर्यंत. त्यांनीच मला एक गोष्ट सांगितली ती मी विसरले नाही. राजाने ॲनसाठी तलवारबाज परक्या मुलखातून मागवला, पण तिच्यासाठी पेटी आणायची आठवण कोणाला राहिली नाही. शेवटी बाणांच्या सामानाची एक जुनी पेटी शोधून त्यात तिला ठेवलं. तिच्या दासींनीच तिला उचललं. हे ऐकल्यावर मी ॲनच्या दासींचे कपडेही तितक्याच काळजीने शिवायला लागले.

आता माझ्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मावशीच्या दुकानात एक गोष्ट कडक होती. अंगावर घातलेलं कापड शिवायचं नाही. बटण तुटू दे, हूक निघू दे, आधी कपडा उतरवायचा, मग सुई. अंगावर शिवतात ते मेलेल्याचं, असं ती म्हणायची. अगदीच नाइलाज असला, म्हणजे नवरी मांडवात जायला निघाली आणि ब्लाउज उसवला, तर नवरीने दातात दोऱ्याचा तुकडा धरायचा आणि शिवून होईस्तोवर तोंड उघडायचं नाही. दोऱ्याने काय होतं हे मावशीलाही माहीत नव्हतं. तिच्या आईने सांगितलं होतं म्हणून ती करायची, तिने सांगितलं म्हणून मी.

पहिल्याच सीझनला पॅमच्या पाठीचा वरचा हूक प्रयोगाच्या पाच मिनिटं आधी निघाला. डोलोरेस म्हणाली, "दोन टाके घाल, पळव तिला." मी म्हटलं, "आधी काढ." पॅम हसली. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. मी सुई मागे घेतली. ज्या बाईला आता मरायला पाठवायचंय तिचा झगा मी अंगावर शिवणार नाही, असं मी सांगितलं. खरं तर हे इंग्रजीत नीट जमलं नाही, पण माझा चेहरा पाहून सगळ्यांना कळलं. करडा झगा, वरची केप, बाह्या, सगळं उतरवून हूक लावून परत चढवेपर्यंत अकरा मिनिटं गेली. तेवढा वेळ बाहेर राजा हेन्रीला प्रेक्षकांपुढे नाचावं लागलं, तीन उशांसकट. संध्याकाळी मला वाटलं आपली नोकरी गेली. पण डोलोरेसने तंबूच्या कापडी भिंतीवर एक कागद टाचला: 'शेल माणसाला शिवत नाही. वेळेवर या.' तो पुढे चार वर्षं तिथे होता.

आमची रुचा तेव्हा तेरा वर्षांची होती. इथेच जन्मलेली, माझ्याशी मराठीत सुरू करून इंग्रजीत संपवणारी. सीझन नेमका गणपतीत यायचा आणि आई शनिवार-रविवार गायब, म्हणून सुरुवातीला तिने तोंड फुगवलं. मग एकदा माझ्याबरोबर आली आणि तिथलीच झाली. पंधराव्या वर्षी तिला ॲनच्या दासींमध्ये घेतलं. ॲनवर तलवार उतरते त्या क्षणी चार दासी पांढरी चादर उभी धरतात आणि तिच्या आड लाल फीत सुटते. रुचाकडे चादरीचं उजवं टोक होतं. बोलायला एक शब्द नाही. दोन सीझन तिने ते टोक असं धरलं की जणू चादर तिच्यामुळेच उभी आहे.

कॅथरिनच्या प्रसंगाला मात्र तिला काम नव्हतं. तो ती कडेला उभी राहून पाहायची.

कॅथरिनबद्दल एक गोष्ट सांगतात. मरणाच्या आदल्या दिवशी तिने तुरुंगातून निरोप पाठवला की उद्याचा ओंडका मला खोलीत आणून द्या. डोकं कसं ठेवायचं याचा सराव करायचा आहे. अठरा-एकोणीस वर्षांची असेल, नक्की वय कोणालाच माहीत नाही. उद्या सगळ्यांसमोर आपल्याला ते नीट जमावं, एवढंच तिला हवं होतं. आमच्या प्रयोगात हाच प्रसंग मुख्य होता. क्रिस्टी नावाची उंच, सोनेरी केसांची मुलगी तो करायची, आणि चांगला करायची.

२००६ च्या उन्हाळ्यात, सीझनच्या आधी एका दुपारी मी बेसमेंटमधून वर आले तर फॅमिली रूममध्ये रुचा गुडघ्यावर बसलेली. पुढ्यात आमचा पाट, ज्यावर दर दिवाळीला तिला बसवून मी तेल लावत आले तो. पाटाच्या कडेवर तिने हळूच मान टेकवली, केस एका हाताने बाजूला केले, आणि तशीच राहिली. मग उठली, थोडी मागे सरकली, परत टेकवली. ओठ हलत होते. कॅथरिनची सगळी वाक्यं तिला पाठ होती.

मी म्हटलं, "अगं, पाटावर डोकं ठेवतात का? ऊठ आधी."

ती दचकून उठली. लाजली, हसली. म्हणाली, "आई, क्रिस्टी नेक्स्ट इयर कॉलेजला जाणार आहे. डोलोरेसला विचारू का मी? फॉर कॅथरिन?"

आणि मी बोलले. विचार न करता, बाहीची लांबी सांगावी तशा आवाजात. "राणी गोरी होती गं."

रुचाने कपाळावरचे केस मागे सारले. मग "आय नो," म्हणाली, पाट उचलून जागेवर ठेवला आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते हळू लावलं.

इतकी वर्षं झाली, अजून ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकू येतं. तिला वर्गात, टीममध्ये, कुठे ना कुठे कोणीतरी नाही म्हणालं असेल, तिने मला सांगितलं नसेल. पण हे तर घरात, पाटावरून उठवून, तिच्या आईने सांगितलं होतं. आणि वरून आईला तो खरेपणा वाटत होता. रात्री विनयला सांगितलं. ते म्हणाले, "सॉरी म्हण की सरळ." ते इंजिनियर आहेत, त्यांना सगळं सरळ दिसतं. मी दोन महिने रोज सॉरी म्हणायचं ठरवायचे, आणि मी तोंड उघडलं की रुचा म्हणायची, "इट्स फाइन आई, व्हॉटएव्हर." तिच्या इंग्रजीपुढे माझा पाय निसटायचा. ती डोलोरेसला काही विचारायला गेली नाही. चादरीचं टोक धरत राहिली.

सप्टेंबरातल्या एका रविवारी, पावणेचारला, क्रिस्टी गवताच्या गाडीवरून उतरताना पडली. पायाचा घोटा बघता बघता लिंबाएवढा सुजला. तिला बाकावर बसवून बर्फ लावला, आणि आम्ही सगळे वॉर्डरोबच्या तंबूत एकमेकांची तोंडं बघत उभे राहिलो. बाहेर बाकं भरायला लागली होती.

"कॅन्सल करू या," कोणीतरी म्हणालं.

गॅरी उशा बांधता बांधता म्हणाला, "त्या पोरीला येतं सगळं. मी दोन वर्षं तिचे ओठ हलताना बघतोय." आणि त्याने रुचाकडे बोट दाखवलं.

सगळ्यांनी रुचाकडे पाहिलं. रुचाने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मग तीच अगदी शांतपणे म्हणाली, "इट्स ओके. द क्वीन वॉज व्हाइट."

डोलोरेसने कॉफीचा कप खाली ठेवला. "हे तुला कोणी सांगितलं?"

रुचा खाली बघायला लागली. तिने माझं नाव घेतलं नाही.

"मी सांगितलं," मी म्हटलं.

डोलोरेस माझ्याकडे वळली. ती ओरडेल असं मला वाटलं. ती नुसती दमल्यासारखी दिसली. "शेल," ती म्हणाली, "इथे इंग्लंडचा राजा गालिचे विकतो. खरी कॅथरिन जाऊन साडेचारशेच्या वर वर्षं झाली, ती तक्रार घेऊन येणार नाही. ही मुलगी सतरा वर्षांची आहे आणि तिला सगळी वाक्यं येतात. आता मला फक्त एक सांग. झग्याला किती वेळ लागेल?"

क्रिस्टी पाच फूट दहा इंच, रुचा पाच फूट दोन. रुचाच्या अंगावर ते काळं मखमल चढवलं तर ते तंबूसारखं लोंबायला लागलं. खांदे उतरत होते, घेर जमिनीवर पसरला होता. उतरवून, मापाने आत घेऊन, परत चढवायचं तर दोन तास. माझ्याकडे पस्तीस मिनिटं होती. टाचण्यांनी धरलं असतं, पण ओंडक्यावर ओणवं होताना टाचणी मानेत गेली असती. एकच उपाय होता, अंगावर शिवायचा, आणि त्यालाच भिंतीवरच्या कागदाची मनाई होती.

डोलोरेसने सुईत दोरा ओवला. "तू बाहेर थांब," ती हळूच म्हणाली. "मी शिवते हिला."

"नको," मी म्हटलं. "दे इकडे."

मी रुचाला एका उलट्या खोक्यावर उभं केलं. काळ्या दोऱ्याचा बोटभर तुकडा कापला आणि तिच्या तोंडाजवळ नेला. "दातात धर. शिवून होईस्तोवर सोडायचा नाही, बोलायचं नाही."

"आई, सीरियसली?"

"धर."

तिने धरला. मी पाठीपासून सुरुवात केली. मखमल निसरडं असतं, हाताखालून पळतं, म्हणून मोठे आणि घट्ट टाके घालत खांद्यापासून कंबरेपर्यंत आले. हातातलं अंगुस्तान घामाने दोनदा गळून पडलं. कंबरेशी आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन महिन्यांत पहिल्यांदाच माझी मुलगी मला 'व्हॉटएव्हर' म्हणू शकत नाही.

"ऐक," मी म्हटलं. तिच्या पाठीशी होते म्हणून जमलं, समोर असते तर जमलं नसतं. "पाटापाशी मी जे बोलले ते चूक होतं. फार वाईट बोलले मी. इंग्लंडच्या राणीचं मला काय पडलं होतं? मला भीती वाटली, बाळा. तू विचारायला जाशील आणि तिथे कोणीतरी तुला ते तोंडावर म्हणेल. ते कोणी म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकलं. आईने असं करायचं नसतं. मला माफ कर."

रुचा काही बोलली नाही, बोलायची सोयच नव्हती. तिच्या पाठीवर माझा हात होता, तेवढं मला कळलं की तिने एक मोठा श्वास घेतला आणि माझा एक टाका ताणला गेला. मी तो परत घातला. मग खाली बसून घेर वर घेतला आणि चारी बाजूंनी कच्चे टाके मारले. केस वर बांधले, पांढरी टोपी घातली. त्या टोपीखाली तिचा चेहरा एवढासा दिसत होता. साडेचारला एक मिनिट कमी असताना मी म्हटलं, "झालं. टाक आता दोरा." बाहेर ढोल सुरू झाला होता. ती तशीच निघून गेली.

माझी प्रयोगातली जागा चौथऱ्याच्या मागे, काळ्या पडद्याआड, ओंडक्यापासून दोन हातांवर. युक्ती सांगते, आता सांगायला हरकत नाही. ओंडक्याला पुढून एक बुटकी फळी असते. प्रेक्षकांना फळीमागचं दिसत नाही. राणी मान टेकवते, प्लायवुडची रुपेरी रंग दिलेली कुऱ्हाड ओंडक्यातल्या फटीत उतरते, त्याच वेळी राणी डोकं आतल्या पोकळीत सोडते, आणि टोपी घातलेला एक जड गोळा टोपलीत धप्पकन पडतो. कुऱ्हाडीचा आणि मानेचा काही संबंध येत नाही. हे मी चार वर्षांत इतक्या वेळा पाहिलं होतं की त्या क्षणाला मी बहुतेक वेळा पुढच्या बाह्या मोजत असायचे.

सरावाचा प्रसंग आला. तिने ओंडक्यावर मान ठेवली, उठली, थोडी मागे सरकली, परत ठेवली. केस टोपीत होते तरी हात सवयीने केसांकडे गेला, पाटापाशी गेला होता तसाच. मग शेवटची वाक्यं. आवाज जरा जड येत होता. पुढच्या बाकावरच्या लोकांना वाटलं असेल की राणीचा कंठ दाटलाय. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं तर गालात दोरा होता. तिने तो टाकलाच नव्हता.

ती ओणवी झाली. माझे मोठे टाके पाठीवर नीट बसले होते. पांढऱ्या टोपीखालची सावळी मान दिसली, जिच्यावर लहानपणी मी टाल्कम पावडर लावायचे. जल्लादाने कुऱ्हाड उचलली. मला माहीत होतं प्लायवुड आहे, त्याला रंग मीच लावला होता. कुऱ्हाड खाली आली आणि माझ्या तोंडून किंकाळी फुटली.

"रुचाऽऽ! अगं माझ्या बाळाऽऽ!"

सगळ्या माळावर ऐकू गेलं असेल. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. प्रयोग संपला, नोकरी गेली, मुलीचा एकुलता एक दिवस आपण घालवला, असं सगळं एकदम डोक्यात आलं. बाहेर चिडीचूप. आणि त्या शांततेत, फळीच्या खालून, मुंडकं उडालेली इंग्लंडची राणी कुजबुजली, "आई, आय ॲम हिअर. इट्स ओके. शूऽऽ."

मग टाळ्या सुरू झाल्या. पडद्याआड गॅरी राजा डोळे पुसत होता. तंबूत गेल्यावर रुचाने गालातून ओला दोरा काढून माझ्या तळहातावर ठेवला, आणि पाठ वळवून उभी राहिली, उसवायला. मी उसवत होते तेव्हा डोलोरेस आत आली.

"ती किंकाळी," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारीही हवी."

मी म्हटलं, "पण ते चूक आहे. कॅथरिनची आई ती लहान असतानाच गेली होती. काका पाठ फिरवून मोकळा झाला. चौथऱ्याजवळ तिच्यासाठी ओरडणारं कोणी नव्हतं."

डोलोरेसने भिंतीवरचा कागद काढला, माझा नियम खोडला, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. "मग आता असू दे कोणीतरी," ती म्हणाली.

क्रिस्टीचा घोटा त्या सीझनमध्ये बरा झाला नाही. पुढच्या वर्षी ती कॉलेजला गेली. मी रुचाच्या मापाचा नवा झगा शिवला, दोन महिने लावून, पूर्ण हाताने, आणि माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम आहे. २००८ च्या सीझननंतर विनयची बदली दूरच्या अ‍ॅशबर्नला झाली आणि आमचं फेअर संपलं. तिथवर मात्र दर शनिवारी-रविवारी साडेचारला मी पडद्याआडून ओरडत राहिले, मराठीत, मोकळा गळा काढून, आणि एकदाही मला ते खोटं करावं लागलं नाही. दर वेळी कुऱ्हाड पडल्यावर फळीखालून तेच उत्तर यायचं.

"आई, आय ॲम हिअर."